शनिवारी शिंग वाजत नाही

शुक्रवार, १८ ऑगस्ट

आज सकाळी मागच्या गल्लीतल्या प्रार्थनाघरातून शिंग वाजलं. शिंग कसलं, शेपटीवर पाय पडलेल्या मांजराचं गाऱ्हाणं! म्हणजे नव्या वर्षाच्या आधीचा महिना लागला. आता सण येईपर्यंत रोज सकाळची प्रार्थना झाली की हे ऐकणं आलं. सुटका फक्त शनिवारी, तो आमचा विसाव्याचा वार.

इतकी वर्षं ते आमच्या ह्यांनी वाजवलं. यंदा चष्मेवाला वाजवतो आहे. ह्यांचाच शिष्य, चष्म्याचं दुकान आहे त्याचं. जूनमध्ये ह्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि आठवड्याच्या आत हा दारात हजर. "काकू, काकांचं शिंग यंदा मिळेल का?" मी म्हटलं, "काका अजून आहेत. स्वतःचं आण." आणलं त्याने. एवढंसं, बकरीच्या पिल्लाचं असावं. ह्यांचं शिंग मेंढ्याचं, हातभर लांब, दोनदा वळलेलं. ते माझ्या कपाटात आहे आणि तिथेच राहील.

शाळेत नन्स विचारायच्या, "तुमचं ज्यू लोकांचं नवं वर्ष सप्टेंबरात? मग त्या दिवशी करता काय?" मी सांगायचे, "शिंग वाजवतो." सगळा वर्ग खो खो हसायचा. मीही हसायचे. घरच्या शिंगापेक्षा चॅपलची घंटा मला जास्त सभ्य वाटायची, हे खरं आहे.

शिंग वाजलं तेव्हा हे जागे होते. डावा हात चादरीवर वळवळत होता. मी धरून ठेवला. थोड्या वेळाने शांत झाला.

सोमवार, २१ ऑगस्ट

नर्सबाई सकाळी साताला येते आणि आल्या आल्या स्वतःच्या जावेचं पुराण लावते. काम चोख आहे, म्हणून ऐकून घेते. मला ती आजी म्हणते. मी तिला दोनदा सांगितलं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते, माझ्या हाताखाली तीस मुली होत्या आणि एकीचीही मला आजी म्हणायची छाती नव्हती. ती म्हणते, "हो आजी."

आज तीच म्हणाली, "आजी, ते भोंग्यासारखं वाजतं ना, तेव्हाच आजोबांना झटके येतात."

खरंच आहे. मागची खिडकी उघडी होती. शिंग सुरू झालं आणि ह्यांचं एक बोट चादरीवर दाबलं गेलं, बराच वेळ. मग सुटलं. मग पुन्हा, पण तुटक. मग टकटकटक, पाऊस पत्र्यावर पडावा तसं. डोळे छताकडे. कपाळाला घाम.

खिडकी लावून घेतली. उद्यापासून साताच्या आधीच लावत जाईन. चष्मेवाल्याच्या हौसेपायी माझ्या माणसाला झटके नकोत.

बुधवार, २३ ऑगस्ट

संध्याकाळी चष्मेवाला आला. दुकान बंद करून आला होता, गळ्यात ती दोरीची भिंगं तशीच. ह्यांच्या पायाशी बसला. त्याची बायको सफरचंदं घेऊन आली होती. मी म्हटलं, "ह्यांच्या नाकात नळी आहे. सफरचंदं कोण खाणार?" ती बिचारी ओशाळली. मग चिरून तिलाच दिली.

तो म्हणाला, "काकू, सकाळी प्रार्थना झाली की मी इथे येऊन वाजवू का? आजाऱ्याच्या घरी जाऊन वाजवायची रीत आहे. काका स्वतः जायचे."

"झटके येतात त्यांना तुझ्या वाजवण्याने."

"झटके?"

"हो. डॉक्टरांना विचारते आहे मी."

तो ह्यांच्या हाताकडे बघत राहिला. मग उगाच जुन्या गोष्टी सांगायला लागला. काका कसे शिकवायचे, तोंडाने एक अक्षर बोलायचे नाहीत, नुसते टेबलावर बोट. लांब सूर हवा तर दाबून धरायचे, तीन तुकड्यांचा हुंदका हवा तर तीनदा, आणि शेवटचं ते स्फुंदणं भराभरा. चुकलं की एकदा जोरात आपटायचे, म्हणजे पुन्हा. हात पालथा ठेवला की थांब.

"माझी सबंध दोन वर्षं बाहेरच्या त्या टेबलापाशी गेली, काकू. पालथा हात बघायला मिळाला की मी घरी जाऊन बायकोला सांगायचो."

बायको हसून म्हणाली, "आमच्याकडे जेवताना पण बोटं आपटतात हे. आमटीत मीठ कमी असलं की टक."

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. कानामागून आला नि तिखट झाला, त्याच्यापुढे काय हसायचं. रीत वगैरे ठीक आहे, म्हटलं, पण हे घर आहे, प्रार्थनाघर नाही. पेशंटला शांतता हवी.

जाताना त्याने ह्यांच्या डाव्या हाताला हात लावून कपाळाला लावला. तेवढं बरं केलं.

सोमवार, २८ ऑगस्ट

डॉक्टर आले. बोटांचं सांगितलं. खिडकी लावली तरी रोज सकाळी होतंच. आता तर सातच्या आधीच, कुठे काही वाजत नसताना. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की अशी आपोआप हालचाल होते, त्यात अर्थ शोधायचा नसतो. मी म्हटलं, त्यांना त्रास होतो, चेहरा बघवत नाही. गोळी लिहून दिली. रात्री एक, सकाळी एक. पूड करून नळीतून.

लेकीचा फोन. "आई, किती दिवस एकटी करणार आहेस? इथे चांगली नर्सिंग होम आहेत. बाबांना आता कुठे काय कळतंय?"

"तुला कसं कळलं त्यांना कळत नाही ते?"

"डॉक्टरांनीच सांगितलं ना."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! फोन ठेवला. नंतर वाटलं, तिचा आवाज रडवेला होता की काय. लाइन खराब होती म्हणावं तर हल्ली लाइनी खराब नसतात.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

गोळीचा गुण आला. हात अगदी शांत. सकाळी नर्सबाई अंग पुसते तरी डोळे उघडत नाहीत. मी डॉक्टरांना फोन करून आभार मानले. आयुष्यात मी फार कमी डॉक्टरांचे आभार मानले आहेत.

घर मात्र फारच शांत झालं आहे.

मंगळवार, ५ सप्टेंबर

काल रात्रीपासून ताप. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले कफ साठला आहे, पडून पडून होतं असं. इस्पितळात हलवू का विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे जे करतील ते इथेही करता येईल." मला न बघता बोलणाऱ्यांचा राग येतो. एक्स्चेंजमध्ये वाईट बातमीचे कॉल जोडताना सुद्धा मी मुलींना सांगायचे, आवाज सरळ ठेवा.

चष्मेवाला औषधं आणून देऊन गेला. शिंगाचा विषय काढला नाही. मीही नाही.

रविवार, १० सप्टेंबर

ह्यांचा पांढरा झगा काढून इस्त्री केली. नव्या वर्षाला हे तो घालायचे. नर्सबाईने विचारलं, "हा नाइटगाऊन कोणाचा?" मी म्हटलं, "नवरदेवाचा." मग तिला खरं सांगितलं. आमच्याकडे हा नव्या वर्षाला घालतात, आणि शेवटी जाताना हाच घालून नेतात.

"अगबाई! सणाला असलं कशाला?"

"म्हणजे विसर पडायला नको."

तिला आमचं नवं वर्ष समजावणं म्हणजे नन्सना समजावण्यासारखंच. नवं वर्ष म्हणजे आतषबाजी नाही, नाच नाही. त्या दिवशी देव राजा होऊन न्यायाला बसतो, माणसं एकेक करून त्याच्यापुढून जातात. पुढच्या वर्षात कोण जगणार, कोण नाही, हे लिहिलं जातं, आणि दहा दिवसांनी उपासाच्या दिवशी त्यावर शिक्का. मधल्या दिवसांत ज्याचं मन दुखावलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. देवाची माफी देवाकडे, माणसाची माणसाकडे. देव मध्यस्थी करत नाही. सफरचंद मधात बुडवून खायचं ते वर्ष गोड जावं म्हणून, आणि शिंग वाजवायचं ते माणसाला झोपेतून उठवायला.

"मग आजोबांना त्याचाच त्रास होतो की," नर्सबाई म्हणाली.

मी तिला चहा करायला पाठवलं.

असल्या निकालावर अपील नाही हे मला लहानपणापासून पटलेलं नाही. हे म्हणायचे, "अपील आहे. तेच तर वाजवतो मी." मी म्हणायचे, "प्रार्थनाघराच्या वरच्या मजल्यावर आम्हा बायकांना नीट ऐकू येत नाही तुमचं अपील." खोटं होतं. इतकं स्वच्छ ऐकू यायचं की मी हातातलं पुस्तक खाली ठेवायचे.

गुरुवार, १४ सप्टेंबर

आज नीट लिहिता येतं का बघते.

खोलीत औषधांचा वास कोंडला होता म्हणून नर्सबाईने सकाळी मागची खिडकी उघडली. मी टेबलापाशी चहा घेत बसले होते. शिंग वाजलं. या महिन्यातलं शेवटचं. चष्मेवाल्याची प्रगती आहे, लांब सूर आता फाटत नाही. मी ऐकत होते. नर्सबाई दारातून ओरडली, "आजी! तुम्हालाही तेच व्हायला लागलं की!"

"काय?"

"झटके. बोटं बघा ना तुमची. आजोबांसारखीच."

माझं बोट टेबलावर दाबलेलं होतं. शिंगाबरोबर सुटलं, मग तीनदा, मग भराभरा. मी ते करत नव्हते. इतक्या वर्षांत कधी बोटांत गेलं मलाच माहीत नाही.

चहा कपात गार झाला. नर्सबाई घाबरून पाणी घेऊन आली.

चष्मेवाल्याने मला सगळं सांगितलं होतं. ह्यांच्या पायाशी बसून, मीठ कमी असल्याच्या विनोदासकट सांगितलं होतं. मी ऐकण्याचा पगार घेतला आहे आयुष्यभर. दोन गावांच्या मधल्या खरखरीतून मी नावं ओळखायचे.

आपोआप हालचाल म्हणे!

सकाळची गोळी दिली नाही. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, बंद केली. ते काही बोलणार होते. ऐकून घेतलं नाही.

चष्मेवाल्याच्या दुकानात फोन केला. गर्दी होती, म्हणाला दुकान बंद करून येतो. आला तेव्हा दिवे लागले होते. मी कपाटातून ह्यांचं शिंग काढून त्याच्यापुढे ठेवलं. "वाजव."

त्याने दोन्ही हातांनी उचललं. डोळे भरले त्याचे. पण तोंडाला लावलं नाही.

"काकू, सूर्य मावळला. म्हणजे आपला उद्याचा दिवस लागला. सणाच्या आदल्या दिवशी वाजवत नाहीत. काका तर हातही लावायचे नाहीत त्या दिवशी."

"मग परवा."

"परवा सण. पण शनिवार आहे. शनिवारी शिंग वाजत नाही."

"सण आहे ना? मग?"

"सणाला शनिवार आला तर सणाचं शिंगही मुकं. थेट रविवारी."

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याला बोलले, दोन हजार वर्षांच्या शहाण्यांना बोलले. असा कोणता न्यायाधीश, जो ऐन सुनावणीच्या दिवशी वकिलाच्या तोंडाला कुलूप लावतो? तो सगळं खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "काकू, आत्ता वाजवलं तरी काकांपर्यंत पोचणार नाही. औषध उतरू दे. रविवारी प्रार्थना संपली की तडक इकडेच येतो. घरीही जात नाही आधी."

ह्यांचं शिंग त्याला घेऊन जा म्हटलं. नको म्हणाला. "काकांसमोर त्यांचंच वाजवेन. तोवर इथेच असू दे."

मी खिडकी लावली होती. मी. रोज साताच्या आधी.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

लेक दुपारी आली. बाबांना बघून दारातच उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं आणि माझ्या केसांवरून हात फिरवला, मी तिच्या लहानपणी फिरवायचे तसा. मला ते आवडत नाही. आज चाललं.

डॉक्टर येऊन गेले. मी विचारलं, "रविवार?" म्हणाले, "सांगता येत नाही." या वेळी माझ्याकडे बघून म्हणाले.

तिला बोटांचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुला तसं वाटतंय. वाटणारच." तिच्या आवाजात दया होती. माझ्या लेकीने माझी दया करावी इतकी मी म्हातारी झाले आहे.

सणाचा गोल पाव आला आहे चष्मेवाल्याकडून. डाळिंबही. दिवस मावळायच्या आत मेणबत्त्या लावायच्या आहेत, म्हणून वही मिटते. सफरचंदाची फोड मधात बुडवून आम्ही दोघी खाऊ, आणि ह्यांच्या ओठांना बोटाने मध लावीन. नर्सबाई म्हणाली, साखर वाढेल. मी म्हटलं, वाढू दे.

सोमवार, १८ सप्टेंबर

शनिवार-रविवार वही उघडली नाही. सणाला लिहू नये म्हणतात. हे असताना मी ते कधी पाळलं नव्हतं. मुद्दाम त्यांच्यासमोर बसून वाण्याची यादी लिहायचे.

आता क्रमाने लिहिते.

शनिवारी दुपारी लेक आतल्या खोलीत पडली होती. नर्सबाई तिच्या घरी. ह्यांचा ताप उतरला होता आणि श्वास वरवर चालला होता. मधे बरंच अंतर, मग एक. मला दिसत होतं की रविवार फार लांब आहे. मी कपाटातून शिंग काढलं. मला वाजवता येत नाही, पण शाळेत ननने वर्षभर बिगुल शिकवला होता. ओठ कसे धरायचे ते माहीत आहे. लोक काय म्हणतील ते म्हणोत. ज्याने नियम केला त्याने माझ्या खोलीत येऊन बसावं आणि मग बोलावं.

पलंगापाशी उभी राहिले. म्हटलं, "ऐका. वाईट वाजेल, पण ऐका."

शिंग तोंडाला लावलं. त्याला अजून व्हिनेगरचा वास आहे. हे दरवर्षी त्यानेच धुवायचे.

ह्यांचे डोळे उघडले. छताकडे नव्हते, माझ्याकडे होते. डावा हात हलला. उचलला गेला, चादरीपासून वीतभर, कापत. मी वाट पाहिली, बोट आपटतील म्हणून. हात उलटा झाला आणि पालथा, सपाट, चादरीवर ठेवला गेला.

थांब.

मी थांबले. दुसऱ्यांदा शिंग वर केलं, खात्री करायला. मी अशी बाई आहे. पुन्हा हात उचलला आणि पालथा ठेवला. या वेळी भुवयाही वर गेल्या, मी सणाला यादी लिहायला बसले की जायच्या तशा.

"शनिवार आहे ते माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

पालथ्या हाताचं एक बोट हलकं आपटलं. एकदाच.

तीन महिने सगळे मला सांगत होते की आत कोणी नाही. आणि आत हे होते. पूर्ण होते, अख्खे, हट्टासकट, वार मोजत. मी तिथेच खाली बसले आणि लेकीला हाका मारल्या. ती धावत आली. तोवर डोळे मिटले होते. पण हात पालथाच होता, आणि तिने तो बघितला. मग त्या हातावर तिने गाल ठेवला.

मी त्यांची माफी मागितली. खिडकीची आणि गोळीची. मोठ्याने मागितली, कारण रीत तशी आहे, मनातल्या मनात चालत नाही. उत्तर आलं नाही. आलं असं मी स्वतःला सांगणार नाही.

रविवारी उजाडताना ते गेले. लेक चहा टाकत होती. शिट्टी वाजावी तसा एक बारीक लांब श्वास बाहेर गेला आणि पुढचा आला नाही.

सणात पुरत नाहीत, म्हणून सोमवारपर्यंत थांबायचं होतं. दुपारी बेल वाजली. चष्मेवाला, पांढऱ्या कपड्यात, धापा टाकत. प्रार्थना संपल्यावर खरोखरच तडक आला होता. लेकीने दार उघडलं आणि तिच्या तोंडाकडे बघून तो उंबऱ्यावरच थिजला.

तो ह्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. मग माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही ऐकलंत का आज?"

"मी कुठे ऐकणार? इथेच आहे."

"मग तुमच्यासाठी वाजवायला हवं. पण या खोलीत नाही."

"का? त्यांच्यासमोर वाजवणार होतास ना?"

तो चाचरला. "मृतासमोर वाजवत नाहीत, काकू. ज्याला आता ते करता येणार नाही त्याच्यासमोर आपण करायचं, म्हणजे त्याला हिणवल्यासारखं. काकांनीच शिकवलं होतं."

जन्मभर मी ह्यांच्या नियमांशी भांडले. या एका नियमाशी मला भांडता आलं नाही. मी ह्यांचं शिंग उचलून त्याच्या हातात दिलं, आम्ही बाहेरच्या खोलीत टेबलापाशी आलो, आणि मधलं दार मी स्वतः लावलं. हळू लावलं.

तो उभा राहिला. लेक खिडकीपाशी. ती खिडकी सताड उघडी. त्याने पहिला सूर लावला. ह्यांचं शिंग त्याला जड जात होतं. सूर निघाला, चढला आणि शेवटी फाटला.

तो थांबला. घाबरून टेबलाकडे बघायला लागला. तिकडे बघायची त्याला सवयच आहे.

मी टेबलावर बोट आपटलं.

त्याने श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं. लांब सूर. मग तीन हुंदके. मग ते भराभर स्फुंदणं, आणि पुन्हा लांब. माझं बोट त्याच्या पुढे चाललं होतं. दोनदा मी आपटलं, दोनदा त्याने पुन्हा वाजवलं, कुरकुर न करता. गल्लीतली माणसं वर बघत उभी राहिली असं लेक नंतर म्हणाली. शेवटचा सूर त्याने धरला तो धरलाच. पोराचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा वर आल्या, आणि सूर तसाच सरळ राहिला, कुठे कापला नाही, कुठे ढळला नाही.

मग मी हात पालथा ठेवला.